सालीतले तेल आणि ब्रोमीनची पकड

नरखेड तालुक्यात संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चपासून. जलालखेडा, मोवाड, भारसिंगी, सावरगाव या पट्ट्यातून गाड्या भरून जातात, आणि भाव ठरतो तो फळाच्या आकारावर, रंगावर आणि गोडीवर. सालीला भाव नाही. रसायनशास्त्राला मात्र या फळात सर्वांत जास्त रस आहे तो सालीतच. ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ इथल्या प्रत्येक मुलाने केलेला असतो. सालीवरच्या बारीक ठिपक्यांमध्ये तेलाच्या पिशव्या असतात आणि पेटते ते हे तेल. त्यातला साधारण नव्वद टक्के भाग एकाच पदार्थाचा असतो: लिमोनीन. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंचा हा रेणू ब्रोमीन कसा गिळतो हे नीट समजले, तर ब्रोमीनयुक्त कार्बनी संयुगांचे अर्धे रसायनशास्त्र हाती येते. म्हणून सुरुवात इथूनच करू.

संत्र्याचा रस काढताना सालीतले थोडे तेल रसात उतरतेच. फार थोडे असेल तर रसाला वास नाही, जास्त झाले तर घशाला चरचरते आणि साठवणीत चव बिघडते. (रस ठेवल्यावर कडू होतो त्याचा दोष मात्र लिमोनीनवर टाकू नये. तो कडूपणा लिमोनिन नावाच्या वेगळ्याच, बिया आणि पाकळ्यांच्या पडद्यांशी नाते असलेल्या पदार्थाचा. नावे जवळची असली तरी रेणू दूरचे.) मग रसात तेल किती आहे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजायचे कसे? लिंबूवर्गीय फळांच्या रसासाठी जगभर वापरात असलेली पद्धत स्कॉट आणि वेल्डहुइस यांनी 1966 मध्ये मांडली, आणि ती पूर्णपणे ब्रोमीनवर उभी आहे.

25 मिलिलिटर रस घेतात, त्यात तेवढेच आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात आणि ऊर्ध्वपातन करतात. अल्कोहोलच्या वाफेबरोबर लिमोनीन वर येते. साखर, आम्ल, गर मागे राहतात. गोळा झालेल्या द्रवात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिथिल ऑरेंजचा एक थेंब टाकतात. मग ब्युरेटमधून पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम ब्रोमेट यांचे एकत्र द्रावण थेंबथेंब सोडतात. ही दोन्ही पांढरी मिठे, बाटलीत शेजारी शेजारी गुपचूप राहतात. आम्ल भेटले की मात्र ब्रोमेट ब्रोमाइडचे इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि तिथल्या तिथे, हवे तेवढेच ब्रोमीन तयार होते. ते ब्रोमीन तत्काळ लिमोनीनला चिकटते. लिमोनीन संपले की पुढच्या थेंबातल्या ब्रोमीनला दुसरे गिऱ्हाईक उरत नाही. ते मिथिल ऑरेंजवर तुटून पडते आणि रंग उडतो. तिथे थांबायचे आणि ब्युरेट वाचायची.

हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. लिमोनीनचा रेणुभार 136. एक रेणू ब्रोमीनचे चार अणू घेतो, म्हणून त्याचा तुल्यभार 136 भागिले 4, म्हणजे 34. द्रावणाची तीव्रता 0.0247 नॉर्मल ठेवली तर त्याच्या 1 मिलिलिटरला 0.84 मिलिग्रॅम लिमोनीन लागते. लिमोनीनची घनता 0.84 असल्यामुळे ते बरोबर एक सहस्रांश मिलिलिटर तेल झाले. 0.0247 हा चमत्कारिक आकडा एवढ्यासाठीच निवडला आहे. समजा ब्युरेटमधले 5 मिलिलिटर खर्ची पडले, तर 25 मिलिलिटर रसात 0.005 मिलिलिटर तेल आहे, शेकडा 0.02. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने नरखेड-काटोलकडच्या मुलांना मोलचे गणित याच उदाहरणाने शिकवावे असे मला मनापासून वाटते. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या काल्पनिक ‘क्ष’ पदार्थापेक्षा ते त्यांच्या अधिक जवळचे आहे.

एक रेणू चारच अणू का घेतो? लिमोनीनमध्ये कार्बन-कार्बन दुहेरी बंध दोन आहेत, एक सहा कार्बनांच्या वलयात आणि एक शेपटीत. प्रत्येक दुहेरी बंध दोन ब्रोमीन अणू घेतो. दहावीच्या विज्ञानात खाद्यतेल आणि वनस्पती तूप यांतला फरक दाखवताना जी समावेशन अभिक्रिया येते, तीच ही. दुहेरी बंधातली इलेक्ट्रॉनांची एक जोडी पक्की, दुसरी बाहेरच्या बाजूला पसरलेली आणि सैल. ब्रोमीनचा रेणू जवळ आला की या सैल इलेक्ट्रॉनांच्या दबावाने त्याचे दोन अणू असमान होतात: जवळचा किंचित धन, दूरचा किंचित ऋण. जवळचा अणू दोन्ही कार्बनांवर एकदम बसतो आणि तीन अणूंचा एक ताणलेला त्रिकोण तयार होतो. यालाच ब्रोमोनियम आयन म्हणतात. 1937 मध्ये रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी ही कल्पना मांडली. सुटलेला ब्रोमाइड आयन आता या त्रिकोणावर चाल करतो, पण वरची बाजू पहिल्या ब्रोमीनने अडवलेली. म्हणून तो खालून येतो. परिणामी दोन ब्रोमीन अणू नेहमी विरुद्ध अंगांना बसतात. ब्रोमीनचा तांबूस रंग अणू एकमेकांना धरून असतात तोवरचा. कार्बनला चिकटल्यावर द्रावण रंगहीन होते. डोळ्यांना दिसते ते एवढेच.

या एका अभिक्रियेने एकोणिसाव्या शतकात मोठा गोंधळ मिटवला. सुगंधी तेलांतून वेगळ्या केलेल्या द्रवांना त्या काळी उगमावरून नावे पडत. संत्र्यातल्याला हेस्पेरिडीन, लिंबातल्याला सिट्रीन, शहाजिऱ्यासारख्या कॅरवे बियांतल्याला कार्वीन. सगळ्यांचे सूत्र एकच, उत्कलनांक जवळजवळ सारखे, पूर्ण शुद्ध कोणीच नाही. जर्मनीत बॉन येथे केकुलेच्या प्रयोगशाळेत अशा तेलांच्या बाटल्या कपाटात पडून होत्या. ऑटो वालाख यांनी त्या मागून घेतल्या आणि 1884 पासून त्यांच्यावर काम सुरू केले. त्यांची युक्ती साधी होती: द्रव ओळखू येत नाही, तर त्याचा स्फटिक करा. थंडीत ब्रोमीन घातले की लिमोनीनचे टेट्राब्रोमाइड सुंदर स्फटिकांच्या रूपात खाली बसते आणि ते 104 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. हेस्पेरिडीन, सिट्रीन, कार्वीन, तिन्हींचे स्फटिक तेच निघाले, म्हणजे पदार्थही एकच. डायपेंटीन नावाच्या आणखी एका द्रवाचे टेट्राब्रोमाइड मात्र 125 अंशांजवळ वितळत होते. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या उजव्या आणि डाव्या लिमोनीनची टेट्राब्रोमाइडे समप्रमाणात मिसळली की हाच 125 अंशांचा स्फटिक मिळतो हे वालाख यांनी दाखवले, आणि डायपेंटीन म्हणजे दोन हातांचे मिश्रण हे उघड झाले. आपल्या संत्र्यातले लिमोनीन उजवे. वालाख यांना 1910 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच वर्गातल्या पदार्थांवरील कामासाठी.

ब्रोमीन कार्बनावर बसवण्याचा दुसरा मोठा मार्ग प्रतियोजनाचा. बेंझीनच्या वलयात बंध दुहेरी दिसतात, पण त्यांचे इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांत वाटलेले आणि समाधानी. म्हणून बेंझीन ब्रोमीनचा रंग उडवत नाही. लोखंडाचा चुरा टाकला की फेरिक ब्रोमाइड बनते, ते ब्रोमीनच्या रेणूला ओढून अर्धवट फोडते, आणि मग एक हायड्रोजन बाहेर पडून त्याच्या जागी ब्रोमीन येतो. निघालेला हायड्रोजन दुसऱ्या ब्रोमीनला घेऊन हायड्रोजन ब्रोमाइड म्हणून धुरासारखा निघून जातो. म्हणजे महागाचे अर्धे ब्रोमीन वाया. कारखान्यात हा वायू पाण्यात पकडून परत वापरावा लागतो; ज्याला हे जमले नाही त्याचा धंदा चालत नाही.

वलयावर आधी कोण बसले आहे यावर नव्या ब्रोमीनची जागा ठरते. अॅनिलीनमधला अमिनो गट वलयाला इलेक्ट्रॉन देतो, शेजारच्या दोन आणि समोरच्या एका जागेला विशेष. म्हणून अॅनिलीनमध्ये ब्रोमीनचे पाणी टाकताच, उत्प्रेरकाशिवाय, तीन ब्रोमीन एकदम बसून पांढरा अवक्षेप येतो. एकच हवा असेल तर अमिनो गटाचा जोर आधी कमी करावा लागतो. त्याला अॅसिटिलची टोपी घातली की अॅसिटानिलाइड होते, आणि त्यात ब्रोमीन मुख्यतः समोरच्या जागी एकच बसतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात पिढ्यान् पिढ्या केलेला हा प्रयोग आहे. पूर्वी तो द्रव ब्रोमीन आणि अॅसेटिक आम्लात करत, आणि वर्गभर खोकला चाले. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने काढलेल्या हरित प्रयोगांच्या पुस्तिकेत हाच प्रयोग पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून दिला आहे. ब्रोमीन भांड्यातच बनते, बाटलीतून ओतावे लागत नाही. ज्या महाविद्यालयात धुराडे नीट चालत नाही तिथे दुसरी वाट चोखाळूच नये.

याच नियमाचे एक उदाहरण आपल्या औषधाच्या फळीवर असते. खोकल्यासाठी अडुळशाचा रस देण्याची रीत जुनी. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि 1960 च्या दशकात औषध म्हणून आले. त्याच्या रेणूत अॅनिलीनचे वलय आहे. अमिनो गटाच्या आवडत्या तीन जागांपैकी शेजारची एक बाजूच्या साखळीने घेतलेली; उरलेल्या दोन्ही जागांवर ब्रोमीन. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या अवक्षेपात तीन बसले होते, इथे दोन, आणि कारण तेच. अॅम्ब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचे शरीरात होणारे रूप. त्यातही ते दोन ब्रोमीन जसेच्या तसे.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. अल्कोहोलपासून ब्रोमाइड हवे असेल तर हायड्रोब्रोमिक आम्ल किंवा फॉस्फरस ट्रायब्रोमाइड वापरतात. सोडियम ब्रोमाइड, गंधकाम्ल आणि ब्यूटेनॉल एकत्र उकळून ब्रोमोब्यूटेन करणे हा त्याचा शालेय अवतार. दुहेरी बंध तसाच ठेवून त्याच्या शेजारच्या कार्बनावर ब्रोमीन हवा असेल तर एन-ब्रोमोसक्सिनिमाइड. हे पांढरे चूर्ण प्रकाशात किंवा थोड्या उष्णतेत ब्रोमीन अगदी थेंबथेंब सोडते, इतके की समावेशनाला जोर येत नाही आणि मुक्त मूलकांचा मार्ग जिंकतो. झीग्लर यांनी 1942 मध्ये ही पद्धत रुळवली.

मूळ ब्रोमीन येते कुठून? विदर्भातून नाही, समुद्रातून. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. 1826 मध्ये फ्रान्समधल्या बालार या तरुणाने मिठागरातल्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडून ते पहिल्यांदा वेगळे केले, आणि आजही गुजरातेत कच्छच्या रणात तत्त्व तेच आहे. मीठ बसून गेल्यावर उरलेल्या कडू पाण्यात ब्रोमाइड दाटलेले असते. क्लोरीनला इलेक्ट्रॉनांची हाव अधिक, तो ब्रोमाइडचे काढून घेतो. मोकळे झालेले ब्रोमीन वाफेने उडवून थंड करतात. तांबडाकाळा, पाण्याच्या तिप्पट जड, 59 अंशांना उकळणारा द्रव. त्वचेवर पडला तर खोल जखम करतो आणि वाफ फुप्फुसाला घातक. हाताळताना सोडियम थायोसल्फेटचे द्रावण शेजारी तयार ठेवतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच या कडू पाण्यापासून ब्रोमाइड-ब्रोमेटचे मिश्रण बनवून तेच ब्रोमीनऐवजी पाठवता येईल अशी पद्धत विकसित केली. रसातले तेल मोजताना ब्युरेटमधून थेंबथेंब सोडलेली जोडी ती हीच.

आता एवढी खटपट कशासाठी, याचे उत्तर. कार्बन-क्लोरीन बंध तोडायला ढोबळमानाने 330 किलोज्यूल प्रतिमोल लागतात, कार्बन-आयोडीनला 230, आणि कार्बन-ब्रोमीनला 280. ब्रोमीन मधला. बाटलीत टिकण्याइतका घट्ट, गरज पडताच सुटण्याइतका सैल. बहुतेक वेळा रसायनतज्ज्ञ ब्रोमीन बसवतात ते काढून टाकण्यासाठीच. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात तसे. ग्रिन्यार यांनी 1900 मध्ये ब्रोमाइड आणि मॅग्नेशियम कोरड्या ईथरमध्ये एकत्र आणले, आणि ज्या कार्बनावर ब्रोमीन होता तो इतर कार्बनांवर चाल करणारा झाला. सुझुकी यांची पॅलॅडियमवाली जोडणी 1979 ची, नोबेल 2010 चे; आजची कितीतरी औषधे तिच्यातून जातात आणि अंतिम गोळीत ब्रोमीनचा मागमूस नसतो. बेंझीनच्या वलयावर बसलेला ब्रोमीन मात्र अधिक घट्ट असतो, तो हलवायला पॅलॅडियम किंवा मॅग्नेशियमसारखा धातू लागतो. म्हणून ब्रोमहेक्सिनमधला पोटात गेल्यावरही जागेवर राहतो.

शेतातही तो आहे. सोयाबीन-तुरीवर मारले जाणारे क्लोरँट्रानिलिप्रोल, कपाशीवरचे प्रोफेनोफॉस, मच्छरदाणीत मुरवलेले डेल्टामेथ्रिन, तिघांच्या रेणूंत ब्रोमीन. इथे त्याचे काम सुटण्याचे नाही. तो रेणूला तेलात विरघळणारा आणि किडीच्या शरीरातल्या नेमक्या खाचेत बसणारा आकार देतो. संगणकातल्या हिरव्या पट्टीत टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए असते. आग लागली की तिथला बंध तुटतो, ब्रोमीन मोकळा होतो आणि ज्वाळेला पुढे नेणारे हायड्रोजनचे मूलक पकडून तिचा वेग मोडतो. याच कामाचे डेकाब्रोमोडायफेनिल ईथर मात्र प्राण्यांच्या चरबीत साठते, म्हणून 2017 मध्ये त्याचा स्टॉकहोम करारात समावेश झाला.

ब्रोमीनचा दुसरा गुण वजन, आणि इथे संत्रा पुन्हा येतो. नारिंगी पेयाला वास देणारे तेल 0.84 घनतेचे, साखरेचे पेय 1.04 च्या आसपास. तेल वर तरंगून बाटलीच्या गळ्याशी कडे धरते. उपाय काढला तो असा: सोयाबीन किंवा मक्याच्या तेलातल्या दुहेरी बंधांवर ब्रोमीन बसवायचे, लिमोनीनवर बसते अगदी तसेच. तेलाची घनता 1.33 पर्यंत जाते. त्याचे चार भाग आणि संत्रा तेलाचे सहा भाग मिसळले की मिश्रण बरोबर 1.04 चे होते, ना वर येत ना खाली बसत. हिशेब सुबक, परिणाम वाईट. हे ब्रोमीनयुक्त तेल शरीरातल्या चरबीत साठते आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत हृदयावर व थायरॉइडवर दुष्परिणाम दिसले. भारताने 1990 मध्येच त्यावर बंदी घातली. अमेरिकेने परवानगी काढून घेतली ती जुलै 2024 मध्ये. आपण चौतीस वर्षे आधी ठरवले, याची नोंद आपल्याकडेच फारशी घेतली गेली नाही. आता हे काम झाडाच्या राळेपासून केलेला एस्टर गम करतो.

मिथिल ब्रोमाइड हे या कुळातले सर्वांत लहान आणि सर्वांत वादग्रस्त संयुग. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एक ब्रोमीन. ब्रोमीन सहज सुटतो आणि मागे उरलेला मिथिल गट किडीच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून त्यांचे काम बंद पाडतो. माणसाचीही प्रथिने तशीच, म्हणून धुरी देणाऱ्याला मुखवटा अनिवार्य. बंध तोच, पण हा वायू वर स्थितांबरात गेला की सूर्याच्या अतिनील किरणांनी तोही तुटतो, आणि सुटलेला ब्रोमीन अणू ओझोन नष्ट करण्यात क्लोरीनच्या अणूपेक्षा पन्नास पट प्रभावी ठरतो. माँट्रियल करारात 1992 मध्ये त्याचे नाव आले. विकसित देशांनी 2005 पर्यंत, विकसनशील देशांनी 2015 पर्यंत तो थांबवायचा होता. सूट राहिली ती मुख्यतः देशोदेशी जाणाऱ्या मालाच्या विलगीकरणापुरती. फळे परदेशी जाताना लाकडी पॅलेट किंवा खोके वापरले तर त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात एमबी ही अक्षरे असली तर लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एचटी असली तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांना सलग 30 मिनिटे तापवलेले, ब्रोमीनशिवाय. निर्यातीसाठी पेटारे घेणाऱ्याने एचटीचेच मागावेत. युरोपीय संघाने एमबीची धुरी आपल्या हद्दीत 2010 पासून बंद केली आहे.